मागच्या जिन्याचा वारसा

सकाळच्या शांततेत स्वयंपाकघराच्या मागच्या दाराची कडी खट्कन वाजली आणि मेट्रनबाईंचं भाषण 'समता' या शब्दापाशीच अडखळलं. आरशासमोरची तालीम त्या कुजबुजत करत होत्या, कारण त्यांची पाच वर्षांची लेक चिमी त्यांचा स्वेटर कुशीत घेऊन झोपली होती आणि त्या स्वेटरची बाही सोडवून घ्यायला त्यांना भाषण लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागला होता. इमारतीच्या मागच्या जिन्याने घरकामाच्या मावशी आल्या होत्या.

"हळू हो, मावशी," मेट्रनबाई म्हणाल्या आणि पुन्हा समतेकडे वळल्या.

आज त्या वारसा व समता प्रतिष्ठानाचा कार्यभार स्वीकारणार होत्या. प्रतिष्ठानाचं अध्यक्षपद आजवर एकामागून एक नामवंत सर्जन भूषवत आले होते. यंदा मात्र देणगीदारांनी विचारलं, की समतेसाठी झटणाऱ्या संस्थेच्या भिंतीवरचे सगळे फोटो एकाच टायमधले कसे? प्रतिष्ठान हादरलं. टाय बदलून पाहण्यात आले. तेही पुरेना, तेव्हा नाइलाजाने एक परिचारिका शोधण्यात आली.

प्रतिष्ठानाचं कार्यालय आणि संग्रहालय जुन्या रुग्णालयाच्या इमारतीत होतं. इमारतीला पुढे रुंद दार होतं, डॉक्टरांसाठी आणि पाहुण्यांसाठी. मागे अरुंद दगडी जिना होता, बाकी सगळ्यांसाठी. शिकाऊ असताना मेट्रनबाईंनी याच जिन्यावरून बेडपॅन वाहिले होते आणि एकदा घसरून हनुवटी फोडून घेतल्यावर मनाशी ठरवलं होतं, की एक दिवस आपण पुढच्या दाराने यायचं आणि ते दार आपल्या मागे उघडं ठेवायचं.

पहिला अर्धा भाग त्या सकाळी पार पडला. दुसऱ्या अर्ध्याची गाठ जिन्याच्या तोंडाशी पडली. सफाईच्या अक्का एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात स्वतःचा गुडघा धरून वर येत होत्या.

"अक्का, पुढून का नाही येत?"

"पुढचं दार मी पुसते, बाई. त्यातून येत नाही."

"उद्यापासून यायचं. अध्यक्ष म्हणून सांगतेय."

अक्कांनी बादली खाली ठेवली. "नक्की ना? मग गुडघ्याला आजच सांगून ठेवते. बिचारा खूश होईल."

दुपारच्या बैठकीत मेट्रनबाईंनी विषय मांडला.  सचिवांनी डोळे पुसले.

"क्रांतिकारी निर्णय आहे, सिस्टर... क्षमा करा, मॅडम. आणि क्रांतीत घाई करणं बरं नव्हे."

वारसा सल्लागार उठून उभे राहिले. "त्या पायऱ्यांवर खळगे पडलेत, पाहिलेत ना? पिढ्यान्‌पिढ्यांच्या शोषणाची ती खूण आहे. आम्ही ते खळगे जतन करतो. पण खळगा ही चालती गोष्ट आहे, मॅडम. चालणारे थांबले, की त्यात धूळ साचते."

"मग तुम्ही चाला."

"चाललो असतो हो. पण आमचे पाय अस्सल नाहीत."

सर्वानुमते ठराव झाला. पुढचं दार तत्त्वतः सर्वांसाठी खुलं करण्यात आलं. ते व्यवहारात उघडण्यासाठी उपसमिती नेमण्यात आली. दरम्यान वारशाची हानी होऊ नये म्हणून अक्कांना 'जिवंत वारसा' हा दर्जा देण्यात आला. दर्जासोबत खांद्यावरून घ्यायचा जांभळा पट्टा होता. अक्का हरखल्या. घरी जाऊन त्यांनी सुनेला तो पट्टा घालून दाखवला आणि दोन दिवस भांडी घासली नाहीत.

पट्टा आला तसे प्रेक्षकही आले. 'विषमतेचा अनुभव घ्या' अशी पाटी लागली, तिकीट लागलं. अक्का पूर्वी सकाळी एकदा जिना चढत. आता प्रेक्षकांची प्रत्येक तुकडी आली, की त्या खाली उतरून बादली घेऊन पुन्हा चढू लागल्या. बादलीत पाणी भरलेलं असावं, असा अभिप्राय एका प्राध्यापकांनी वहीत नोंदवला. ती सूचना तत्काळ अमलात आली. प्रतिष्ठानाच्या इतिहासात तत्काळ अमलात आलेली ती पहिलीच सूचना होती.

गुडघा सुजला. मेट्रनबाईंनी अध्यक्षांच्या खोलीत अक्कांना खुर्चीवर बसवलं, स्वतः जमिनीवर बसल्या आणि सफाईदार हातांनी क्रेप बँडेज बांधलं. तेवढ्यात सल्लागार डोकावले.

"मॅडम, क्रेप बँडेज त्या काळातलं नाही. जुन्या सुती कापडाची पट्टी चालेल. आणि दुखणं पूर्ण थांबवू नका बरं का, यांचं लंगडणं फार बोलकं आहे. परवा एक बाई रडल्या."

मेट्रनबाई संतापल्या. राजीनामाच देते म्हणाल्या. तेव्हा सचिवांनी हळूच सांगितलं, की यंदाचा समता सन्मान मॅडमनाच जाहीर झालाय. परिचारिकेला हा मान प्रथमच मिळतोय. उद्या राजीनामा गेला, तर पुन्हा सर्जनच येतील, टायसकट. मेट्रनबाईंना सगळ्या परिचारिका डोळ्यांसमोर दिसल्या. त्यांच्यासाठी त्यांनी स्वतःचा राग गिळला. गिळताना तो फारसा कडू लागला नाही.

"बाई," अक्का दारातून म्हणाल्या, "गुडघा रोज विचारतोय. काय सांगू त्याला?"

"थोडं थांब म्हणावं, अक्का. सोहळा होऊ दे. मग बघा मी काय करते."

सोहळा झाला. मेट्रनबाईंनी हनुवटीवरचा व्रण दाखवला, टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या चिमीने सगळ्यांत जास्त वाजवल्या. नंतर सचिवांनी तिला कौतुकाने तिकीट दिलं आणि जिना दाखवायला नेलं. भरली बादली घेऊन वर येणाऱ्या अक्कांकडे ती टक लावून बघत राहिली. येताना गाडीत ती तिकीट मुठीत धरून आईला टेकली. दमली असेल, म्हणून मेट्रनबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि घर येईपर्यंत केसांतून हात फिरवत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेट्रनबाई सन्मानचिन्ह कपाटावर कुठे शोभेल ते बघत होत्या. चिमी केव्हाच उठली होती. स्वयंपाकघरातून स्टूल ओढल्याचा आवाज आला, म्हणून त्या आत गेल्या. मागच्या दाराशी स्टूल मांडून चिमी बसली होती. मांडीवर तिने कागदाचे चौकोनी तुकडे कापून ठेवले होते. जिन्यावर मावशींची पावलं वाजत होती.

कडी खट्कन वाजली. दारात मावशी, हातात भाजीची जड पिशवी, धाप लागलेली.

"थांबा मावशी, आत नका येऊ, परत खाली जा," चिमी म्हणाली आणि उत्साहाने आईकडे वळली. "आई, आपल्या जिन्याचं तिकीट किती लावायचं?"