राजमतीअक्कांच्या हाकेची हद्द

मगदूम पंप कंपनीवर भागधारकाला दावा लावायचा असेल, तर तो जयसिंगपूरच्या राजमतीअक्कांची हाक जिथपर्यंत ऐकू येते तेवढ्याच हद्दीत लावता येतो. हद्दीबाहेर लावलेला दावा हा दावाच नव्हे. कंपनीच्या नियमावलीत हे कलम एकेचाळीस म्हणून स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि शेअर घेताना प्रत्येकानं ते मान्य करून सही केलेली असते. सही करताना वाचलं नव्हतं, ही सबब आमच्याकडं चालत नाही.

मी त्या हद्दीचा मोजणीदार. कोर्टानं मला नेमलं त्याला अकरा वर्षं झाली. अक्का दुपारी बाराला दारात उभ्या राहतात आणि 'नेमूऽऽ, जेवायला येऽऽ' अशी हाक मारतात. नेमू येईपर्यंत मारत राहायची, अशी त्यांची पद्धत. मी दारापासून चालत सुटतो, आणि हाक ऐकू येईनाशी झाली की तिथं खुंटी ठोकून पांढरी फक्की टाकतो. चार दिशांना चार दिवस लागतात. काम सोपं वाटतं, पण कान शाबूत लागतात आणि मन कोरडं लागतं. कान माझे चांगले आहेत.

सुरुवातीला वकील मंडळींनी फार पिडलं. वारा पश्चिमेचा असेल तर हाक लांब जाते, तेव्हा वाऱ्याचा हिशेब वजा करा, असं कंपनीचं म्हणणं होतं. कोर्टानं सांगितलं, वारा गावचाच आहे, तो धरायचा. पुण्याच्या एका भागधारकानं फोनवरून हाक ऐकली आणि पुण्यातच दावा ठोकला. तो फेटाळला गेला, कारण हाक फोननं नेली होती, अक्कांनी नव्हे. शेजारच्या अवटींच्या पोपटानं हाक उचलली होती. पोपटाच्या हाकेनं हद्द वाढत नाही, असा निकाल आहे, आणि तो मला पटलेला आहे.

हे कलम घातलं ते कंपनीचे संस्थापक नेमगोंडा मगदूम यांनी. अक्का त्यांची थोरली बहीण, नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा पोराला वाढवलं ते अक्कांनीच. पोरगं अतोनात वांड. कुणाच्या पेरूवर दगड मार, कुणाच्या रेडकाची शेपटी पिळ. मग लोक आपल्याकडं जातात तसे गाऱ्हाणं घेऊन घरी यायचे. अक्का दोन्ही बाजू ऐकून घ्यायच्या, गाऱ्हाणेवाल्याच्या हातावर गूळ ठेवायच्या आणि नेमूच्या पाठीत धपाटा. पुढं कंपनी मोठी झाली, शेअर बाजारात काढायचं ठरलं, आणि मुंबईच्या वकिलांनी विचारलं की उद्या कुणी दावा लावला तर तो कुठल्या कोर्टात चालावा. नेमगोंडा म्हणाले, "माझं गाऱ्हाणं आमच्या अक्काकडं. तिची हाक ऐकू येती तितपतच माझं गाव. आणि गाऱ्हाणं तोंडानं सांगायचं, कागद सारायचा न्हाई." वकिलांनी ते जसंच्या तसं उतरवलं. सभेत एकही विरोधी मत पडलं नाही. म्हणून दाव्याचा अर्ज आजही हद्दीत उभं राहून पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत मोठ्यानं वाचावा लागतो, आणि मग मी त्यावर शिक्का मारतो.

मी कामाला लागलो तेव्हा हद्द पार उसाच्या वजनकाट्यापर्यंत होती. नेमगोंडा कारखान्यात असायचे. हाक आली की शेडमधूनच ओरडायचे, "आलो गंऽऽ." चेअरमन असलेला माणूस, पण हात पुसत, चपला फटफटवत घरी जायचा.

चौदा महिन्यांपूर्वी ते कोइमतूरला एक यंत्र बघायला गेले आणि तिथंच वारले. कंपनीनं ठरवलं की अक्कांना सांगायचं नाही. वय एक्क्याऐंशी, धक्का सोसायचा नाही. साहेब आफ्रिकेत गेलेत, तिकडं मोठी ऑर्डर आहे, असं त्यांना सांगितलं गेलं. दर मंगळवारी कंपनीचे कायदा अधिकारी देशिंगकर पेढ्यांचा पुडा घेऊन यायचे आणि साहेबांचा निरोप सांगायचे. अक्कांना मोतीबिंदू, पेपर वाचता येत नाही. गावानं तोंडाला कुलूप घातलं. मीही घातलं, ते लपवत नाही.

पण ओ मिळेना तशी हाक बारीक होत गेली. डॉक्टर म्हणाले, घशात काही नाही. पहिल्या मोजणीला हद्द काट्यापासून पिठाच्या गिरणीवर आली, दुसरीला अवटींच्या कोपऱ्यावर, मग फाटकावर. मी वहीत आकडे लिहायचो आणि घरी आल्यावर बायकोवर उगीच खेकसायचो.

एवढ्यात ग्रेसबाई सातपुते आल्या. मिरजेच्या निवृत्त नर्स, कंपनीच्या भागधारक. माहितीपत्रकात एक वाक्य होतं: 'प्रत्येक पंप बाहेर पडण्यापूर्वी संस्थापक स्वतः हाताने चालवून पाहतात.' त्या वाक्यावर विश्वास ठेवून बाईंनी शेअर घेतले, आणि परसातल्या पेरूंवर फवारायला एक पंपही घेतला. पंप पहिल्याच दिवशी अडकला. बाई म्हणाल्या, माणसाचा हात लागलेला पंप असा अडकत नाही. त्यांनी चौकशी केली. माहितीपत्रक छापलं होतं संस्थापक गेल्यानंतर दोन महिन्यांनी.

दावा बिनतोड होता. मुदतीचा शेवटचा दिवस मंगळवार होता. मी त्या दिवशी नियमाप्रमाणे ताजी मोजणी केली आणि खुंटी हातात घेऊन उभाच राहिलो. हद्द उंबऱ्याच्या आत आली होती. अक्का दारापर्यंत येऊ शकल्या नव्हत्या, पलंगावरूनच हाक मारत होत्या, आणि ती सोप्यात पोचत नव्हती. म्हणजे बाईंना दावा वाचायचा तर पलंगाशी बसून, अक्कांच्या कानाशी वाचावा लागणार होता. आणि अर्जाच्या तिसऱ्याच ओळीत नेमगोंडांच्या मृत्यूची तारीख होती.

आम्ही तिघं अंगणात उभे होतो. देशिंगकरांच्या हातात पुडा.

"बाई, माणुसकी बघा," देशिंगकर म्हणाले. "म्हातारीच्या जिवाशी खेळ नको."

"मलाही नकोच आहे," ग्रेसबाई म्हणाल्या. "कंपनीनं एवढंच लिहून द्यावं, की हा एक दावा फाटकाबाहेर वाचला तरी चालेल. मी रस्त्यावर उभी राहून वाचते. त्यांच्या कानावर एक अक्षर जाणार नाही."

देशिंगकर बाजूला जाऊन फोनवर बोलले. परत आले तेव्हा माझ्याकडं बघत नव्हते.

"संचालक मंडळ म्हणतंय, कलम पवित्र आहे. संस्थापकांची शेवटची इच्छा आहे."

"म्हणजे अक्कांच्या आडोशाला बसायचं," मी म्हणालो. मोजणीदारानं मत देऊ नये असा दंडक आहे, पण मला राहवलं नाही. आणखी एक गोष्ट मी केली. ग्रेसबाईंना हळूच म्हणालो, "बाई, खुंटी माझ्या हातात आहे. मी ती फाटकाशी ठोकतो. अकरा वर्षांत वीतभर चूक केलेली नाही, माझ्यावर कुणी शंका घेणार नाही."

त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला. "खोत, मी खोट्या वाक्याविरुद्ध आलेय. खोट्या खुंटीवर कशी उभी राहू?"

"मग सोडून द्या दावा."

"तेही मनात आलं. काल रात्रभर तेच चाललं होतं. पण ही बाई रोज हाक मारतेय, खोत, आणि आपण सगळे ऐकतोय. चौतीस वर्षं मी लोकांना अशा बातम्या सांगितल्या. काही लोक कोसळले. पण मला का सांगितलंत, असं कुणीही म्हटलं नाही. का सांगितलं नाहीत, असं म्हणणारे पुष्कळ भेटले."

त्या चपला काढून आत गेल्या. आम्ही मागोमाग. अक्का पलंगावर पाय सोडून बसल्या होत्या, अंगावर धुवट पांढरं पातळ.

"कोण आलंय?"

"अक्का, मी ग्रेस. मिरजेची. गाऱ्हाणं घेऊन आलेय."

अक्कांचा चेहरा एकदम उजळला. "नेमूचं? अगं बाई, किती दिसानं! बस, बस. खोत, गुळाचा डबा काढ रे. काय केलं आमच्या गड्यानं?"

ग्रेसबाईंनी कागद मांडीवर पालथा ठेवला. दोन्ही हातांनी अक्कांचा हात धरला. "गाऱ्हाणं नंतर वाचते. आधी एक सांगते. अक्का, नेमगोंडा वारले. चौदा महिने झाले. कोइमतूरला, झोपेत."

देशिंगकरांच्या हातातल्या पुड्याचा कागद वाजत होता. अक्कांनी बाईंच्या तोंडाकडं बघितलं, त्यांना जेवढं दिसत होतं तेवढं.

"जेवला होता का?" त्यांनी विचारलं.

"जेवले होते. ते उतरले होते तिथल्या आचाऱ्याला मी फोन करून विचारलं. भात, सांबार आणि ताक. भात दुसऱ्यांदा मागून घेतला."

"भात त्याला आवडायचा." अक्कांनी मान हलवली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, त्यांनी ते पुसलं नाही. "आता वाच तुझं गाऱ्हाणं. तोंडानं सांग, कागद सारू नकोस."

ग्रेसबाईंनी अर्ज वाचला. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, सगळी कलमं, सगळ्या तारखा. आवाज एकदाही हलला नाही, पण हात सोडला नाही. मी शिक्का मारला. शिक्का तिरका बसला.

अक्का देशिंगकरांकडं वळल्या. "हे हातानं चालवून बघतात म्हणून कुणी लिवलं?"

"मी, अक्का. मंडळानं सांगितलं म्हणून."

"आणि दर मंगळवारचा निरोप?"

"तोही मीच."

"आफ्रिकेत पाऊस लई हाय म्हणालास. मी त्याच्यासाठी लोकरीची टोपी विणत होते, दिसत न्हाई तरी." अक्का थांबल्या. "तुझ्या घरी कोण हाय? आई हाय?"

"आहे."

"मग तुझं गाऱ्हाणं तिच्याकडं. माझा धपाटा माझ्याच माणसाला." आणि त्यांनी डबा चाचपून गुळाचा खडा ग्रेसबाईंच्या हातावर ठेवला. देशिंगकर भिंतीकडं तोंड करून रडत होते. मला त्यांचा राग होता, पण तो तिथं पुरेना.

एक वाजत आला होता. अक्का म्हणाल्या, "मला दारात न्या." ग्रेसबाईंनी आणि मी दोन बाजूंनी धरलं. चौकटीला हात लावून त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी हाक मारली.

दावा दाखल झाला की त्याच दिवसाची हद्द नोंदवावी लागते. म्हणून मी खुंट्यांची पिशवी उचलली आणि पूर्वेला चालू लागलो. फाटक ओलांडलं, हाक येत होती. अवटींचा कोपरा, पिठाची गिरणी. गिरणीवाल्यानं पट्टा बंद केला आणि बाहेर येऊन उभा राहिला. वजनकाट्याशी उसाच्या गाड्या लागल्या होत्या. शेडमधून पूर्वीसारखी कुणी ओ देईल असं मला उगीच वाटलं. हाक काट्याच्याही पुढं निघाली. रेल्वे फाटक लागलं, हमरस्ता लागला. मी मध्ये मध्ये खुंटी ठोकत होतो आणि दर वेळी ती चुकीची ठरत होती. अखेर पिशवी रिकामी झाली.

अडीचच्या सुमाराला मी अंकलीच्या पुलाशी पोचलो. खाली कृष्णेच्या काठावर एक बाई चादरी धूत होती. तिनं पिळा हातात तसाच धरून मान वर केली होती.

"कुणाला हाक मारायलीत हो?" तिनं विचारलं.

"भावाला."

"यायलाय का त्यो?"

"नाही. तो वारला."

ती थोडा वेळ ऐकत राहिली. मग तिनं चादर पुन्हा पाण्यात सोडली. "तरी मारू दे तिला," ती म्हणाली.

पुलाच्या पलीकडं सांगली जिल्हा लागतो. तिथं माझा अधिकार चालतो की नाही हे मला ठाऊक नव्हतं. हाक मात्र पलीकडं गेलेली होती, म्हणून मी पूल ओलांडला आणि चालत राहिलो.