एकशे चौऱ्याऐंशी पावलं

अब्बासचाचांना रस्ता विचारू नये, हा सल्ला आमच्या गावात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी मिळतो. ते रस्ता चुकीचा सांगत नाहीत. इतका बरोबर सांगतात, की ऐकणारा तिथेच दमतो.

"एसटीचो थांबो? सहाशे बारा पावलां. चिंचेखालसून गेलास तर सहाशे चार. येताना चढ आसा, सहाशे तीस धरा."

विजयदुर्गचा किल्ला बघायला निघालेल्या एका कुटुंबाने गाडीची काच खाली करून किल्ला किती लांब म्हणून विचारलं. चाचा म्हणाले, "सतराशे चाळीस पावलां. पण तुमची नव्हत." मग कोणाची, ते त्यांनी सांगितलं नाही. गाडीही थांबली नाही.

चाचा बहात्तर वर्षांचे आहेत. आयुष्यभर त्यांनी पंचक्रोशीत टपाल वाटलं. उंची सहा फूट, पाठ ताठ, पण पावलं इतकी आखूड की मागून पाहिलं तर वाटतं, हा माणूस दुसऱ्याच कोणाचे पाय घेऊन चालला आहे. गुडघे गेले असावेत, असं गाव म्हणतं. मी त्यांचा शेजारी आणि एका दैनिकाचा तालुक्याचा बातमीदार. ऐकलेली गोष्ट तपासून घ्यायची मला सवय आहे. पण गुडघ्यांची गोष्ट मी कधी तपासली नाही.

चालताना ते बोलत नाहीत. हाक मारली तर फक्त एक बोट वर करतात. शंभर पावलं झाली की उजव्या खिशातला एक चिंचोका डाव्या खिशात जातो. मुक्कामाला पोचले की डावा खिसा मोजायचा. त्यांच्या पत्नी जुलेखाचाची यांची तक्रार अशी, की धुण्याच्या बादलीत रोज चिंचोके निघतात. "एक दिवस ह्येंच्या लेंग्याक चिंचा लागतल्यो," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

दुबईच्या पुतण्याने त्यांना पावलं मोजणारं घड्याळ पाठवलं होतं. चाचांनी ते मनगटावर बांधलं, ओसरीवर बसून एक नारळ किसला आणि आकडा बघितला. तीनशे सोळा. त्यांनी घड्याळ काढून डबीत ठेवलं. "नारळ किसता किसता मी जेटीवर जावन इलंय, असां ह्यां म्हणतां. आजो असतो तर हेका मोजणीचो खलाशी म्हणान घेतलो नसतो."

एक मात्र आहे. न मोजलेलं अंतर ते सांगत नाहीत. नांदगाव स्टेशन किती लांब, असं कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं. "मोजूक नाय. सांगूचंय नाय." मी काम केलेल्या दोन कार्यालयांत ही पाटी लावायला हवी होती.

हे सगळं त्यांच्या आजोबांकडून आलं. आजोबा पहिल्या महायुद्धात फौजेबरोबर इराकात बसऱ्याला गेले होते. शिपाई म्हणून नव्हे, मोजणीच्या तुकडीतले खलाशी म्हणून. नकाशा नसलेल्या मुलखात फौज शिरण्याआधी ही माणसं शिरायची. गोरा साहेब दुर्बिणीतून बघायचा, एक जण निशाण धरायचा, दुसरा साखळी ओढायचा आणि साखळी नेता येत नाही तिथे तिसरा पावलं मोजायचा. हा तिसरा म्हणजे आजोबा. त्यांचं पाऊल तीस इंचांचं करून घेतलं होतं. एक इंच जास्त नाही, एक कमी नाही. हातात बंदूक नव्हती.

घराण्यात एक प्रसंग सांगितला जातो. एके सकाळी समोरून गोळ्या आल्या. सगळे वाळूत पालथे पडले. तासाभराने गोळीबार थांबला. साहेबाने डोकं वर काढून विचारलं, कितीवर होतो आपण? आजोबा पालथेच होते. तोंडातली वाळू थुंकून ते म्हणाले, दोन हजार तीनशे सतरा. आणि उठून पुढे चालू लागले.

हा प्रसंग आता कोणालाच पडताळता येणार नाही. साहेबाचं नावही घरात कोणाला आठवत नाही. मी तो चाचांकडून निदान वीस वेळा ऐकला आहे. वाळू कधी चिखल होते, तास कधी दोन तास होतो. दोन हजार तीनशे सतरा मात्र बदललेला नाही.

इंग्रजांच्या राज्याबद्दल चाचांचं एकच मत आहे आणि ते आजोबांचंच आहे. "साहेबान जमीन आदी दोरयेन घेतल्यान. बंदूक मगे इली." आजोबा त्या मोजणीत होते, हे ते लपवत नाहीत. मोठेपणाही सांगत नाहीत. पोट होतं, म्हणतात.

त्याच साहेब लोकांनी मोजणीची खूण म्हणून पुरलेला एक दगड चाचांच्या घरामागच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर आहे. गुडघ्याएवढा, काळा, माथ्यावर कोरलेलं वर्तुळ आणि बाजूला एक बाण. तिथून समुद्र दिसतो. बसऱ्याहून परतलेले आजोबा संध्याकाळी या दगडावर बसायचे. दगडाची राखण आपल्या घराकडे आहे, असं चाचा मानतात. तसा कागद मी पाहिलेला नाही.

आता त्या दगडावर जुलेखाचाची बसतात. सहा वर्षांपूर्वी त्यांची नजर अधू झाली आणि दीड वर्षात पूर्ण गेली. पण असरची नमाज झाली की पाचच्या सुमाराला त्या एकट्या मागच्या दारातून निघतात, सडा चढतात, दगडावर बसून वारा घेतात आणि एकट्या परत येतात. काठी नाही, कोणाचा हात नाही. दिवसभरात एवढीच एक गोष्ट त्या कोणाच्या मदतीशिवाय करतात. गावाला हे पाठ आहे. त्या वेळी त्या वाटेवर कोणी गुरं सोडत नाही.

गेल्या मे महिन्यात, आंबा उतरत असताना, एका दुपारी चाचा माझ्या दारात उभे राहिले. त्यांच्या दारापासून माझ्या दारापर्यंत अठ्ठावन्न पावलं आहेत आणि ती आल्या आल्या सांगण्याचा त्यांचा रिवाज आहे. त्या दिवशी त्यांनी आकडा सांगितला नाही.

"दगड गेलो," एवढंच म्हणाले.

सड्यावरच्या बागांतून आंब्याच्या पेट्या काढायला रस्ता करण्याचं काम चालू होतं. सकाळी जेसीबीने जमीन सपाट करताना दगड उखडून बाजूला टाकला होता. मी वही घेतली. जुनी खूण, युद्धाशी नातं, निष्काळजीपणा. तीन कॉलमांची बातमी मला दिसत होती. मी पहिला प्रश्न विचारला, तर चाचांनी माझी वही मिटली.

"बातमी नको. तिका रोज पेपर मीच वाचून दाखवतंय. ह्यां कसां वाचू?"

मग त्यांनी काय हवं ते सांगितलं. दगड पाचच्या आत जागेवर हवा. नेमका जागेवर. चाची मोजून जातात. हात खाली नेला आणि दगड लागला नाही, तर चाची त्या मोकळ्या सड्यावर उभ्या राहतील. "एकदा चुकली तर परत उंबरो ओलांडूची नाय. मी वळखतंय तिका." दोन वाजले होते. वेळेत द्यायचं काम म्हणजे काय, हे मला कळतं. मी वही घरात ठेवली.

जेसीबीवाला बाबल्या आमच्याच गावचा. झाडाखाली आडवा झाला होता. दगड उखडला याचं त्याला वाईट वाटलं, पण जागा त्याला आठवत नव्हती. सगळीकडे एकसारखी तांबडी माती पसरली होती. खड्डा बुजला होता.

चाचा म्हणाले, आजोबांची रीत आहे. खूण हरवली तर तीन जागांवरून मोजायचं, एका जागेवर विश्वास ठेवायचा नाही. मागच्या दाराच्या उंबऱ्यापासून एकशे चौऱ्याऐंशी. विहिरीच्या कठड्यापासून शहाण्णव. काजीच्या, म्हणजे काजूच्या, झाडापासून चाळीस. तिन्ही जिथे मिळतील तिथे दगड.

ते निघाले. एक चिंचोका उजवीकडून डावीकडे गेला. एकशे चौऱ्याऐंशीला मी काठी रोवली. विहिरीवरून शहाण्णवला दुसरी. काजीकडून चाळीसला तिसरी. तिन्ही काठ्यांच्या मधे बैलगाडी वळवता आली असती.

चाचा तिन्ही काठ्यांकडे बघत राहिले. त्यांनी पुन्हा मोजलं. काठ्या आणखी लांब गेल्या. साडेतीन वाजले. बाबल्या मला हळूच म्हणाला, अंदाजाने ठेवून देऊ, म्हातारीला काय कळतंय. चाचांनी ते ऐकलं. ते बांधावर बसले आणि स्वतःच्या पायांकडे बघू लागले, जणू पायांनीच काही चोरलं होतं.

"घायेत चललंय," ते म्हणाले. "माजीच पावलां पडली."

त्यांनी खिशातून सुंभाचा एक तुकडा काढला. दोन्ही टोकांना फास होते. सुंभ जुना होता, हाताळून गुळगुळीत झालेला. त्यांनी एक फास डाव्या घोट्यात घातला, दुसरा उजव्या. उभे राहिले आणि ओढाळ गुराला लोढणं बांधावं तसे, सहा फुटी चाचा, वीतभर वीतभर सरकू लागले.

बाबल्याला हसू आवरेना. "चाचा, पळून जातास म्हणान चाचीन बांधल्यान की काय?"

चाचांनी बोट वर केलं नाही. मोजणी सोडून ते थांबले. इतक्या वर्षांत असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"तिचां पाऊल एवढांच आसा रे," ते म्हणाले.

बाबल्याने विडी विझवली.

नजर जाऊ लागली तेव्हा चाचींना घेऊन ते एकदा अंगणात चालले होते आणि चाचींच्या पावलाच्या मापाचा सुंभ कापला होता. तो पायात बांधून पहिलं वर्षभर घराच्या आत, दारं लावून सराव केला. मग सुंभ खिशात गेला आणि ते पाऊलच त्यांचं झालं. एसटीचा थांबा, दवाखाना, लेकीचं घर, किल्ल्याचा दरवाजा. गावातलं प्रत्येक अंतर त्यांनी चाचींसाठी चाचींच्या पावलांनी मोजून ठेवलं होतं. त्यांतलं एकशे चौऱ्याऐंशी तेवढं चाची वापरत होत्या. बाकीचं लागेल तेव्हा लागेल. हे त्यांनी बांधावर पाणी पिताना, विचारलं म्हणून, चार वाक्यांत सांगितलं.

या वेळी काठ्या जुळल्या. तिन्हींमध्ये हाताच्या पंजाएवढं अंतर राहिलं. बाबल्याने तिथे खड्डा घेतला, दगड उचलून हलकेच आत सोडला, माती ठोकली आणि उंबऱ्यापर्यंतची सगळी वाट खडे वेचून साफ केली. रस्त्याचं काय, म्हणून मी विचारलं. "लाइन तशी पण खंय सरळ आसा," तो म्हणाला आणि जेसीबी तीन हात पलीकडून घेतला. आज रस्त्याला तिथे एक उगाचच वळण आहे.

पाचला दहा मिनिटं होती. चाचांनी मला काजीच्या झाडामागे नेलं. चार वर्षं ते रोज तिथे बसतात आणि चाचींना हे माहीत नाही, असं त्यांनी मला सांगितलं. बाबल्या जेसीबी बंद करून त्यातच बसून राहिला.

चाची दारातून बाहेर आल्या. मान किंचित वाकडी, ओठ हलत होते. शंभरला चाचांचा एक चिंचोका डाव्या खिशात गेला. एकशे ऐंशीला त्यांनी माझं मनगट धरलं. एकशे चौऱ्याऐंशीला चाची थांबल्या, वाकल्या, हात खाली नेला.

हात दगडावर पडला.

चाचांनी माझं मनगट सोडलं. बाबल्याने जेसीबीत बसल्या बसल्या सुस्कारा सोडलेला आम्हाला इथे ऐकू आला.

चाची बसल्या नाहीत. त्या दगडाच्या कडेवरून बोटं फिरवत राहिल्या, मग दुसऱ्या कडेवरून. काहीतरी शोधत होत्या. मग काजीच्या झाडाकडे तोंड करून, नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या,

"जागेर बरोबर ठेवल्यास. बाण तेवढो समुद्राकडे होतो, तो डोंगराकडे केल्यास."

पावलं तीन वेळा मोजली होती. दगडाचं तोंड कुठे होतं, हे आम्हा तिघांपैकी कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

"आता इतकी वर्सां थंय मुंगयेत बसतास," चाची दगडावर टेकत म्हणाल्या. "हयसर वारो बरो आसा. येवा."

चाचा उठले. काजीपासून दगडापर्यंत चाचींची चाळीस पावलं आहेत. मी सवयीने मोजली. त्यांना सव्वीस लागली.