अबोलीची नॉर्वेची ॲडमिशन

अबोलीला बारावीनंतर एक वर्ष उत्तर नॉर्वेत शिकायला जायचं होतं, आणि ही गोष्ट अमेरिकेतल्या नेपरव्हिलमधल्या एकाही मराठी घराला कळू द्यायची नाही, असं तिच्या बापाने, एकनाथने, ठरवून टाकलं होतं.

शाळा नूरलान प्रांतात समुद्राकाठी होती. तिथे परीक्षा नाही, मार्क नाहीत, डिग्री नाही. होडी वल्हवायची, मासे वाळवायचे, लाकूडकाम करायचं. तिकडची मुलं कॉलेजच्या आधी एक वर्ष अशा शाळेत राहून येतात. एकनाथने त्याच प्रांतातली रीतसर डिग्री देणारी युनिव्हर्सिटीही शोधून काढली, पण अबोली ऐकेना.

"बाबा, मी फोर्थ ग्रेडपासून काही ना काही जिंकतेय. आय ॲम टायर्ड. एक वर्ष मला असं काहीतरी करू दे, ज्यात कुणी रँक देत नाही."

तिचा चेहरा बघून एकनाथला नाही म्हणवेना. पण लोकांना काय सांगायचं? पोरगी मासे वाळवायला चाललीय? त्याला लाज वाटत होती, हे उघड आहे.

आता इथल्या मराठी मंडळींची एक रीत आहे. पोराने कुठे अर्ज केलाय, ते ॲडमिशन हातात पडेपर्यंत सांगायचं नाही. दृष्ट लागते, आणि त्याहून वाईट म्हणजे बाकीचेही तिथेच अर्ज करतात. त्यामुळे संक्रांतीच्या कार्यक्रमात एकनाथ गप्प बसला, तेव्हा मोरेश्वरने कान टवकारले. त्याचा मुलगा सौमित्रही अबोलीच्याच शाळेत बारावीत होता.

"अबोलीचं काय रे? कुठे अप्लाय केलंय?"

"बघतोय अजून."

"बघतोय काय? सगळ्या डेडलाइन संपल्या."

"जरा उत्तरेकडे."

"कॅनडा?"

"अजून उत्तरेकडे," एकनाथच्या तोंडून निघून गेलं.

सोमवारी सौमित्रने शाळेत अबोलीला विचारलं आणि तिने सरळ सांगून टाकलं. हे गुपित आहे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. गुरुवारी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मोरेश्वरची एक्सेल शीट आली: 'उत्तर नॉर्वेतील उच्च शिक्षणाचे पर्याय'. अबोलीची शाळा पहिल्या क्रमांकावर होती. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'एकनाथ लपवतोय.'

एकनाथने घाबरून फोन लावला. "अरे, तिथे मासे वाळवायला शिकवतात! डिग्री नाही, मार्क नाहीत, काही नाही!"

"हो हो," मोरेश्वर समजुतीने म्हणाला. "सौमित्रला रोबोटिक्सच्या क्लासला घातलं, तेव्हा मी पण सगळ्यांना हेच सांगितलं होतं. काही दम नाही यार त्यात, म्हणून."

"देवाशपथ खरं सांगतोय!"

"शपथसुद्धा घेतोस? म्हणजे फारच भारी शाळा दिसतेय."

महिनाभरात शाळेचं पत्र आलं. परदेशी मुलांसाठी दोन जागा असतात, यंदा अमेरिकेतल्या एकाच गावातून नऊ अर्ज आले आहेत, आम्हाला आनंद आणि आश्चर्य वाटत आहे, तूर्त सगळेच वेटिंग लिस्टवर आहेत. अबोली रडायलाच लागली. "बाबा, तिथे पण हेच सगळे?"

एकनाथला फार वाईट वाटलं. संक्रांतीच्या कार्यक्रमातच त्याने 'मासे वाळवायला चाललीय' म्हणून सांगितलं असतं, तर कुणी त्या शाळेकडे ढुंकूनही बघितलं नसतं. आता त्याला ती जागा हवी होती, अबोलीहूनही जास्त हवी होती. तो तिच्या पदकांची यादी घेऊन मुख्याध्यापिकांना मेल लिहायला बसला.

बायकोने, नीलाने, लॅपटॉपच बंद केला. "अरे, ज्यापासून पळतेय तेच काय पाठवतोस? तिने अर्जात काय लिहिलंय ते तरी वाच."

अबोलीने चारच ओळी लिहिल्या होत्या. मला होडी चालवता येत नाही. मला भातसुद्धा नीट जमत नाही. मला चुकत चुकत काहीतरी शिकायचं आहे. चुकलं तर रागावू नका.

एकनाथने त्या दोनदा वाचल्या आणि पदकांची यादी गुपचूप फाडली.

मार्चअखेर निकाल लागला. अबोलीला जागा मिळाली. सौमित्रने, म्हणजे मोरेश्वरने, चौदा पानी अर्ज पाठवला होता. त्याला आणि बाकीच्या सात जणांना नम्र उत्तर आलं: आपण इतकं सगळं साधलेलं आहे, की आपल्याला शिकवण्यासारखं आमच्याकडे काही उरलेलं नाही.

मोरेश्वर पेढे घेऊन आला. मनाने तो वाईट नव्हता. "अभिनंदन! आता तरी सांग, काय लिहिलं होतं?"

एकनाथने या वेळी काही लपवलं नाही, अर्जच पुढे केला. मोरेश्वरने तो वाचला, पुन्हा वाचला, त्याचा फोटो काढला.

"काहीच येत नाही, असं लिहिलं?"

"हो."

"आणि तेवढ्यावर घेतलं?"

"घेतलं."

मोरेश्वरने बोटांवर काहीतरी मोजलं. त्याची धाकटी नैना नववीत होती. मग त्याने तिथूनच बायकोला फोन लावला.

"सुवर्णा, नैनाचं व्हायोलिन कॅन्सल कर. हो, मॅथ पण. डिबेट पण. अगं, सांगतो नंतर. आपल्या हातात अजून तीन वर्षं आहेत, तोवर तिला काही म्हणजे काही येता कामा नये!"

त्या शनिवारी नैना अकरापर्यंत झोपली. मोरेश्वर दोनदा तिच्या दारापर्यंत गेला आणि न उठवता परत आला.