पेडगावच्या रानातला दुखवटा

"हसू नका," असं कुणाला सांगायची वेळ मंगेशवर पहिल्यांदाच आली होती. ताडकळसच्या त्याच्या स्टुडिओत येणाऱ्या नवरा-नवरींना हसवता हसवता त्याचाच जबडा दुखायला लागला होता. आता परभणीच्या 'ढेकूळ' नावाच्या रॉक बँडला पहिल्या अल्बमच्या कव्हरसाठी फोटो हवा होता. नांगरलेलं रान, मावळतीचं ऊन आणि पडलेले चेहरे. खाली 'छायाचित्र : मंगेश' असं येणार होतं. ही गोष्ट त्यानं बायकोला, सासऱ्याला आणि बाजारात भेटेल त्याला सांगून टाकली होती. वर लग्नाच्या ऑर्डरी आता बंद, असंही बोलून बसला होता. आता तोंड दाखवायचं तर फोटो चांगला यायलाच हवा होता.

रान पेडगावच्या सटवाजीचं. सटवाजी भला माणूस होता, आणि भल्या माणसाइतका ताप दुसऱ्या कुणाचा होत नाही. फोटोसाठी रान मागितल्यावर त्यानं "तुमचंच समजा" म्हटलं आणि आपण बांधावर बसून राहिला. काळे कपडे घातलेले चार तरणे पोरगे ढेकळांत ओळीनं उभे होते. केस खांद्यापर्यंत आणि दाढ्या वाढलेल्या.

"शिवरुद्र, मान खाली," मंगेश गाणाऱ्या पोराला म्हणाला. "सगळं संपल्यावानी बघा. डोळ्यात दुःख पायजे."

बांधावर सटवाजीच्या काळजात चर्र झालं. घरात कुणी गेलं की बाप्ये वस्तऱ्याला हात लावत नाहीत, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. आणि कोण गेलं, असं तोंडावर विचारायचं नसतं. जाऊन गुमान समोर बसायचं असतं. त्यानं घरी फोन लावला, दबक्या आवाजात दोन शब्द बोलला आणि ढेकळं तुडवत येऊन ड्रमवाल्या सिद्धोधनच्या पायाशी बसला.

"मामा, तुमी फोटोत यायलात," मंगेश म्हणाला.

"येऊ द्या. अशा टायमाला मानसानं मानसाजवळ बसावं."

"तुमचा एकट्याचा मागून काढतो ना, झकास."

या माणसाला आई-बाप आहेत की नाहीत, अशा नजरेनं सटवाजीनं त्याच्याकडं पाहिलं. "अशा वक्ताला माझा फोटो काढता?" तो म्हणाला आणि जागचा हलला नाही.

तेवढ्यात सटवाजीची बायको कडूबाई डोक्यावर टोपलं घेऊन आली. तिच्यामागं शेजारच्या बाया, त्यांच्यामागं गडीमाणसं. ज्या घरात कुणी गेलं त्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी न्यायची असते, ती त्यांनी आणली होती. बाया तोंडाला पदर लावून एकीकडं बसल्या, माणसं माना खाली घालून दुसरीकडं. ज्या रानात पाऊल उमटू नये म्हणून मंगेश दुपारपासून चवड्यावर चालत होता, तिथं आता अख्खी गल्ली मांडी घालून बसली होती.

"बाई, टोपलं तेवढं बाजूला घ्या. बाबा, तुमी सरका. अहो, ऊन चाललंय माझं."

कुणी ढिम्म हललं नाही. एका म्हाताऱ्यानं उठून दुखवट्याचं टॉवेल-टोपी शिवरुद्रच्या हातात ठेवलं. पोरांना वाटलं गावाची रीत असेल, सत्कार चाललाय. शिवरुद्रनं टोपी घातलीसुद्धा.

"दादा, मानसं लय चांगली हायेत," तो म्हणाला. "त्यांना दुखवू नका. काढा असाच फोटो."

"टोपी काढ आधी," मंगेश दात ओठ खात म्हणाला.

शिवरुद्रचं सुकलेलं तोंड पाहून कडूबाईला रडू फुटलं. ते बघून सटवाजीलाही राहवेना. त्यानं शिवरुद्रच्या पाठीवर हात ठेवला.

"लेकरा, वय झालं व्हतं का?"

"कुनाचं, मामा?"

"गेल्याल्या मानसाचं."

"कोन गेलं?"

"आता आमी काय सांगावं? घर तुमचं."

आधी सिद्धोधन फिसकला. मग चौघंही हसत सुटले आणि पोट धरून ढेकळांत बसले.

"कोनीच मेलं न्हाई?" सटवाजीनं विचारलं.

"न्हाई, मामा."

"मग दाढ्या कामून वाढवल्या? आन हे फोटोवाले दुःख पायजे, दुःख पायजे कामून म्हनायलेत?"

सगळं गाव मंगेशकडं बघायला लागलं. मग लाजेनं माणसांच्या माना पहिल्यापेक्षा जास्त खाली गेल्या. ज्यांनी दुःखी दिसायचं ते चौघं डोळे पुसत खिदळत होते, आणि सूर्य निम्मा बुडाला होता. मंगेशचं डोकं फिरलं. तो ढेकळावर चढला, दोन्ही हात वर केले आणि दुपारपासून गिळलेलं सगळं एका दमात बाहेर काढलं. त्यात सटवाजीचा भलेपणा आला, पोरांच्या दाढ्या आल्या आणि आजवर हसवलेल्या तमाम नवरदेवांचाही उद्धार झाला. तो थांबला तेव्हा सूर्य बुडाला होता आणि सिद्धोधन मोबाइल खिशात घालत होता.

कुणी मेलं नाही म्हणून केलेल्या भाकरी परत न्यायच्या नसतात, असं कडूबाईनं ठरवलं. सगळे तिथंच जेवले. मंगेशही जेवला, पण सगळ्यांकडं पाठ करून.

महिन्याभरानं अल्बम आला. कव्हरवर तांबडं आभाळ, माना खाली घालून बसलेलं गाव आणि मधोमध हात वर करून आग ओकणारा मंगेश. खाली लिहिलं होतं, 'छायाचित्र : सिद्धोधन'.

"दादा, राग मानू नका," शिवरुद्र फोनवर म्हणाला. "असा चेहरा आमाला जन्मात जमला नसता."

मंगेशनं मुकाट्यानं लग्नाच्या ऑर्डरी पुन्हा सुरू केल्या. पहिलेच आले पिंगळीचे राजेश्वरराव. लेकीचं लग्न होतं. लग्नाचे जुने अल्बम दाखवायला मंगेश उठला, तर त्यांनी 'ढेकूळ'चं कव्हर उघडून स्वतःचा मोबाइल पुढं केला.

"फोटो असा पायजे बघा. ह्यो गानारा लय तापट दिसायलाय. चेहरा वळखीचा वाटतो, पन ध्यानात येईना."

"असंल कुनी," मंगेश म्हणाला.

"ज्यानं ह्यो काढला त्यालाच लग्नाला बोलवावं म्हनतो. तुमी याच धंद्यातले. नंबर असंल तुमच्याकडं."

मंगेशनं सिद्धोधनचा नंबर दिला. राजेश्वररावांनी विचारलं तेव्हा, माणूस भरवशाचा आहे, हेही त्यालाच सांगावं लागलं.