खिडकीतला पेला

शेजारच्या वरलक्ष्मीबाई भाजीच्या गाडीसमोर चक्कर येऊन पडल्या आणि घाम फुटला महादेवरावांना. कारण बाईंना झाडपाल्याचा काढा प्यायला त्यांनीच सांगितलं होतं.

मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर महादेवरावांना कुत्रं विचारत नव्हतं. मग अंगणातल्या लक्ष्मणफळाच्या झाडाने त्यांची लाज राखली. शुगर असो, बीपी असो, गुडघे असोत, पानांचा काढा प्या! कुठल्याशा व्हिडिओतून उचललेलं हे ज्ञान त्यांनी इतकं वाटलं, की वर्षभरात अर्धा लष्कर मोहल्ला त्यांचं ऐकू लागला आणि झाड पार बोडकं झालं.

आज घाबरून धावत गेल्यावर कोपऱ्यावरच्या डॉक्टर चैत्रांनी मात्र झापलं.

"मेष्ट्रे, गोळ्या चालू असताना हा काढा घेतला तर बीपी, शुगर फार खाली येऊ शकतं. फार दिवस प्यायला तर नसांनाही त्रास होऊ शकतो. कोणाकोणाला दिलाय?"

महादेवराव छत्री घेऊन तडक निघाले. एखादा दगावला तर उरलीसुरली अब्रूही जाणार होती.

वरलक्ष्मीबाई उठून कॉफी पीत बसल्या होत्या.

"तुमचा काढा? अय्यो, एवढं कडू कोण पितंय! उपाशीपोटी शुगरची गोळी घेतली, म्हणून पडले."

"मग रोज पानं नेत होता ती?"

"एवढ्या मायेनं देता. बेडा, नको, असं कसं म्हणायचं?"

पुढच्या घरातल्या वेदवतीबाईंनी पानं तांदळाच्या डब्यात घातली होती. "किडे गेले बघा सगळे!" त्यांच्या पलीकडच्या जगन्नाथरावांनी शेळीपुढे टाकली होती. "दुसऱ्या दिवशी तिनं पण तोंड फिरवलं हो."

महादेवरावांचा जीव भांड्यात पडला, पण तोंड कडूजहर झालं. घरी येऊन त्यांनी छत्री आदळली.

"एक थेंब कुणी प्यायलं नाही, गोदा! वर्षभर मला वेड्यात काढलं सगळ्यांनी."

खरं तर तेही कुठे पीत होते? रोज सकाळी दोन पेले काढा करायचे, एक बायकोला द्यायचा, आपला निवायला म्हणून खिडकीत ठेवायचा आणि पेपर घेऊन सटकायचं. परत यावं तर पेला घासून पालथा घातलेला असे.

"माझा पेला तू मोरीत ओतायचीस, तेच बरं केलंस," ते म्हणाले.

गोदावरीबाई तांदूळ निवडत होत्या. "ओतू कशाला? सुम्ने, उगाच वाया जायचं. दोन्ही मीच पीत होते."

"दोन्ही? अगं, तुला बीपीची गोळी चालू आहे!"

"चक्कर येते म्हणून सांगितलं, तर तुम्ही पानं वाढवलीत."

सुपातल्या तिच्या हाताकडे महादेवरावांनी वर्षभरात पहिल्यांदा नीट पाहिलं. तो थरथरत होता. त्यांना स्वतःची अतोनात लाज वाटली.

"ऊठ. आधी डॉक्टरकडे चल."

"येते की," भिंतीला धरून उठत गोदावरीबाई म्हणाल्या. "थांबा जरा, खिडकीतला तुमचा पेला तेवढा राहिलाय."