पारोळामार्गे येणारं आभाळ

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे सुकलाल नाना आभाळाला गाडी समजतात. वेडेबिडे नाहीत. चांगले शहाणे आहेत, मला इन्कम टॅक्स समजावून सांगतात. फक्त फाल्गुन उतरणीला लागला की गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी उभे राहतात, दोन्ही तळहातांचा भोंगा करतात, आणि अख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल असं ओरडतात :

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं! धुळ्याहून पारोळामार्गे येणारं आभाळ एरंडोल सोडून पुढे निघालेलं आहे. ज्यांचं वाळवण गच्चीवर असेल त्यांनी ते ताबडतोब उचलावं. आभाळ इथे जास्त वेळ थांबणार नाही!"

नानांची सगळी नोकरी बसस्थानकावर, काचेच्या खिडकीमागे, माइकसमोर गेली. माइक सुटला, आवाज राहिला. निवृत्तीनंतर लोक भजनी मंडळात जातात, बागेत हातवारे करत हसतात. नानांनी हवामान धरलं. पारोळ्याच्या स्टँडवर त्यांच्या ओळखीचा एक कॅन्टीनवाला आहे. त्याला फोन करून विचारायचं, "काय रे, काय परिस्थिती?" तो चहा गाळता गाळता बाहेर डोकावून सांगणार. मग नाना आमच्या पश्चिमेकडे बघत उभे राहणार, आणि खरंच थोड्या वेळाने तिकडून काळं काहीतरी डोकं वर काढणार.

चैत्राच्या आगेमागे आमच्या जळगावात हवेचं काही खरं नसतं. सकाळी स्वच्छ, दुपारी अंग भाजेल असं ऊन, आणि चहाचं आधण ठेवेपर्यंत वावधन सुटतं. धूळ, पत्रे, कोणाच्या तरी चड्ड्या, सगळं हवेत. पाठोपाठ टपोरे थेंब, कधी गारा. या दिवसांत आमच्या हवेवर विश्वास ठेवणारा माणूस एक तर परगावचा असतो, नाहीतर मी असतो.

आम्ही इथे राहायला आलो त्या पहिल्याच वर्षी मी नानांना हसलो होतो. माझ्या मोबाइलवर हवामान दिसतं. नानांची घोषणा झाली तशी मी गच्चीवर गेलो आणि सगळ्या बायकांसमोर स्क्रीन धरून म्हणालो, "काही उचलू नका. यात पिवळाधमक सूर्य दाखवतोय." बायकांनी माझ्याकडे बघितलं, नानांकडे बघितलं, आणि वाळवण उचललं. मी मात्र तत्त्वासाठी तिथेच उभा राहिलो. पहिली गार माझ्या टाळूवर बसली, दुसरी त्या सूर्यावर. काच तडकली तरी सूर्य हसतच होता. नाना जिन्यात माझी वाट बघत उभे होते. म्हणाले, "भाऊ, तुमची गाडी दुसऱ्या डेपोची दिसते."

तेव्हापासून नानांचा शब्द म्हणजे शब्द. कारण प्रश्न बिबड्यांचा असतो. ज्यांनी खान्देशात उन्हाळा काढला नाही त्यांच्यासाठी सांगतो. ज्वारी भिजवून आंबवायची, वाळवून दळायची, लसूण-तीळ-मिरची घालून तिचा घाटा शिजवायचा, आणि तो हाताला चटके देत असतानाच ओल्या धोतरावर थापायचा. वाळला की बिबडा. आमच्या इमारतीत हे काम पाळीपाळीने चालतं. आज एकीचे, उद्या दुसरीचे, थापायला सगळ्या. सेनापती तळमजल्याच्या लताअक्का. ओल्या बिबड्यावर पावसाचे चार थेंब पडले की आठवड्याची मेहनत पुन्हा पातेल्यात. म्हणून नानांचा भोंगा वाजला की पदर खोचून सगळ्या जिन्याने वर धावतात, आणि नाना टाकीजवळून त्यांना शिस्त लावतात : "घाई करू नये. आभाळाला अजून अवकाश आहे. उतरणाऱ्यांना आधी उतरू द्या."

मला एकच गोष्ट खटकायची. ढग दिसला की नानांचा चेहरा उजळायचा. खाली बायका ओढाओढ करताहेत, अर्धे बिबडे धोतराला चिकटून फाटताहेत, आणि हा माणूस नवरदेवासारखा खुलतो. सगळी गच्ची रिकामी झाली की टाकीमागे जाऊन एक फोन करतो आणि मान हलवत खाली येतो.

"त्यांना लोकांची फजिती बघायला आवडते," मी एकदा घरी निष्कर्ष काढला.

माझी बायको मीना तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "तुम्हाला या इमारतीतलं काहीच कसं माहीत नसतं हो?"

इमारतीत सगळ्यांना माहीत होतं ते असं. नानांची एकुलती एक मुलगी, शोभा. तिने रावेरच्या एका केळीवाल्या मुलाशी आपल्या मर्जीने लग्न केलं. नाना तिला म्हणाले, माझ्या दारात येऊ नको. ती आली नाही. आई गेली तेव्हा आली, मागे उभी राहिली, आणि कोणाशी न बोलता गेली. मग एका चैत्रात फार मोठं आभाळ आलं. आमच्यावरून गेलं ते थेट रावेरच्या दिशेने, आणि वाऱ्यात केळीची बाग म्हणजे काड्यांचा खेळ. नानांच्या अंगात स्थानकावरची सवय मुरलेली. इथून गाडी सुटली की पुढच्या स्टँडला कळवायचं. त्यांनी फोन उचलला आणि कळवलं : "शोभा, आठून निंघनं शे. बाग सांभाय."

पलीकडून ती म्हणाली, "बरं."

एवढंच. पण नातं तेवढ्यावर टिकून होतं. ढग आला की फोन. "निंघनं शे." "बरं." कधी ती वाऱ्याचं विचारायची, कधी नाना गारांचं सांगायचे. एकदा ढग आमच्याकडे रेंगाळला तेव्हा चांगलं तीन-चार वाक्यं बोलणं झालं, आणि नाना त्या दिवशी जिन्यात शीळ घालत होते. बिनकामाचा फोन मात्र नाही. मृग लागला की पाऊस रोजचाच होतो. त्यात कळवण्यासारखं काही नसतं. मग थेट पुढचा फाल्गुन.

हे ऐकून मी नरमलो, पण माझ्या नरमण्याने हवेत काय फरक पडणार? यंदा हवेने डावच टाकला. होळी झाली, पाडवा झाला, आभाळात एक चिंधी नाही. निळंशार, पुसून ठेवल्यासारखं. बायका खूश. कुरडया झाल्या, शेवया झाल्या, बिबडे असे कडकडीत वाळले की लताअक्का भेटेल त्याला कानाजवळ मोडून दाखवायच्या. "ऐका, भाऊ, ऐका!" मी ऐकायचो.

आणि नाना वाळत चालले. रोज सकाळी पारोळ्याला फोन. "काय रे, काय परिस्थिती?" मग, "एखादा ढग? छोटा?" कॅन्टीनवालाही माणूसच. एकदा म्हणे वैतागून त्याने सांगितलं, "नाना, आता काय भट्टीचा धूर पाठवू का?" नाना तरीही दुपारभर टाकीशेजारी उभे. दाढी वाढलेली, बनियनला धुळीचा रंग. मी उगाच वर जाऊन म्हणायचो, "आज जरा उकडतंय, नाही का?" ते आशेने बघायचे. मीही बघायचो. दोघं मिळून निळ्या आभाळाकडे टक लावायचो. एकदा मला क्षितिजावर काहीतरी करडं दिसलं आणि मी आनंदाने ओरडलो. ती वीटभट्टी निघाली.

मग परवाची गोष्ट. लताअक्कांची शेवटची खेप. सगळी गच्ची धोतरांनी आणि ओल्या बिबड्यांनी भरलेली, नुकते थापलेले, हात लावला तर बोट रुतेल असे. मी सुट्टी काढून घरी लोळत होतो. आणि भोंगा वाजला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं! पारोळामार्गे येणारं आभाळ..."

आवाज नेहमीसारखा नव्हता. मध्येच चिरकला. पण ते माझ्या नंतर लक्षात आलं. त्या वेळी मी फक्त धावलो. बायकांच्या आधी पोचलो, हाताला लागेल तो बिबडा सोडवला आणि टोपलीत रचला. एकावर एक. मला वाटलं, किती व्यवस्थित काम करतोय मी. चपात्या रचतात तशी चळत लावली, वर बसतील तेवढे दाबूनही बसवले.

धापा टाकत खाली आलो. सगळ्या अंगणात उभ्या राहून वर बघायला लागल्या. ऊन डोळ्यांत घुसत होतं. वारा नाही. पान हलत नाही.

लताअक्कांनी टोपलीत हात घातला. सगळे बिबडे एकमेकांत मुरून एक झाले होते. त्यांनी तो अख्खा ऐवज दोन्ही हातांनी वर काढला.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "ह्या बिबडा शेतस का गादी शे?"

"आभाळ आलं असतं तर..." मी म्हणालो.

"कोठे शे आभाय? दखाडा माले!" त्यांनी गादी माझ्या हातात दिली. "जा वर. त्या म्हाताऱ्याला विचारा. नाहीतर मी येते."

अशा कामांना मला पाठवतात, कारण मी कामाचा नसलो तरी चालतं. गादी टोपलीत टाकून वर गेलो. वाटेत चार कडक वाक्यं तयार केली. पहिल्याची सुरुवात 'वयाचा मान ठेवून सांगतो' अशी होती.

नाना टाकीमागे उन्हात उकिडवे बसले होते. पाठ माझ्याकडे. कानाने जरा कमी, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर. पलीकडे घंटी वाजत होती.

"हा, नाना," बाईचा आवाज आला.

"शोभा. आठून निंघनं शे," नाना म्हणाले. "मोठं शे. बाग सांभाय."

पलीकडे कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता. तो बंद झाल्याचं ऐकू आलं. मग ती म्हणाली, "नाना, आभाय ते बठ्ठं मोकळं शे. आठे बी, तठे बी. मी सकायपासून खेतमा शे, पश्चिमेले दखी ऱ्हायनू."

मी टोपली छातीशी धरून उभा राहिलो. नानांची मान खाली गेली. मग मोठ्या कष्टाने ते म्हणाले, "मंग... दुसऱ्या मार्गे गयं व्हई."

"व्हई," ती म्हणाली.

कोणी फोन ठेवेना. मला वाटलं, आता ठेवेल, हाच शेवटचा. खोटी घोषणा पकडली गेली, आता पुढचं आभाळ आलं तरी हा माणूस कोणत्या तोंडाने कळवणार? मनातल्या मनात मी रावेरकडे ढकलायला एखादा ढग शोधत होतो.

"नाना," ती म्हणाली, "जेवना का?"

ज्या माणसाने हजारो गाड्यांची नावं न अडखळता पुकारली, तो दोन शब्दांवर अडखळला. "नही आजून," शेवटी म्हणाले.

"मंग जेवी ले आधी. आणि सकाय बी फोन करजो." जरा थांबून म्हणाली, "आभाय न ऱ्हायनं तरी."

मी आवाज न करता उतरलो. खाली लताअक्का कमरेवर हात ठेवून. "काय म्हनतस?"

"होतं आभाळ," मी म्हणालो. "मी स्वतः पाहिलं. दुसऱ्या मार्गे गेलं."

"तुमच्या त्या मोबाइलमा?" त्यांनी विचारलं, आणि बाकी सगळ्या हसल्या. हसू दिलं. पुढचा घाटा शिजेपर्यंत मी तिथेच उभा राहून लसूण सोलला, शिक्षा म्हणून.

टोपली घेऊन घरी आलो तर आमच्या दारात नाना. हातात स्वतःचं ताट. इतक्या वर्षांत त्यांनी आमच्याकडे पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. स्वतःचं स्वतः करतात, बहुतेक काहीच करत नाहीत.

"मीनाताई, काही उरलंय का जेवायला?" त्यांनी विचारलं. "शोभाने जेवायला सांगितलंय."

मीनाने पाट मांडला. वरण-भात वाढला, त्या गादीचा एक कोपरा तोडून त्यावर कच्चं तेल आणि शेंगदाणे घातले. नाना सावकाश जेवत होते. अर्ध्यात थांबले.

"उद्या पुन्हा कर म्हणाली," ते म्हणाले. घोषणेचा आवाज नव्हता तो. भिंतीपलीकडे गेला नसता. "पण उद्याही काही येणार नाही. पारोळ्याला विचारलं मी. मग सांगू काय तिला?"

"जेवलो, असं सांगा," मीना म्हणाली.

नानांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"तेवढ्यासाठी फोन चालतो?"

मीनाने त्यांच्या ताटात आणखी भात वाढला.