बिजलीबाईंची इजाजत

नरहरपंत गिरदावर, म्हणजे गावोगावची पिकं तपासणारे महसूल खात्याचे अंमलदार, आपल्या घोडीला अहोजाहो करत. रिकिबीत पाय ठेवण्याआधी ते टोपी नीट करत, तिच्या कानाशी वाकत आणि विचारत, "बाई, इजाजत?" बिजलीबाईंनी कान हलवला की स्वारी. नाही हलवला, तर पंत लगाम धरून पुढच्या गावापर्यंत मुकाट्यानं पायी जात. लोक हसत. पंत म्हणत, "आज त्यायची मर्जी नाई."

मी आदिलाबादकडच्या बेला गावी त्यांच्या हाताखाली लागलो, तेव्हा निजामाचं राज्य जाऊन थोडेच दिवस झाले होते. हुकूम नवे आले, पण रस्ते तेच चिखलाचे. पिकांची पाहणी घोड्यावरूनच. घोड्यावर बसता आलं तरच माझी नोकरी कायम होणार होती, आणि मला घोड्याची भयंकर भीती! लहानपणी एका वरातीत नवरदेवाचा घोडा माझ्या खांद्याला चावला होता. पंतांना मी हे सांगितलं नाही. छाती काढून उभा राहिलो. बिजलीबाईंनी एकदा फुरफुर केलं आणि पाठ फिरवली.

"भेव वाटते ना?" पंतांनी विचारलं.

"छे!"

"मंग त्यायनं पाठ काऊन फिरवली? मले फसव, त्यायले नको. आधी सांगून टाक."

आठ दिवस त्यांनी मला खोगिराला हात लावू दिला नाही. रोज संध्याकाळी खरारा करायचा आणि दिवसभराचं सगळं तिला सांगायचं. पंत स्वतःही सांगत. कापसाच्या पऱ्हाटीला बोंडं किती, भाकर कशी करपली, सगळं. बायको जाऊन बारा वर्षं झाली होती, घरात दुसरं कोणी नव्हतं.

नवव्या दिवशी मी वैतागून म्हणालो, "बाई, मले तुमचं लय भेव वाटते." तिनं कान हलवला. मी बसलो. दोन्ही मुठींत आयाळ आवळली. पंत लगाम धरून पुढे चालत होते. म्हणाले, "इतका घट्ट नको धरू. मानेले लागते त्यायच्या."

पुढे भाषावार राज्यं झाली. आमचा जिल्हा आंध्रात गेला. पंतांना तेलुगू कागद वाचता येईना, त्यांची बदली मराठी मुलखात, परभणीकडे झाली. तिकडे जीप होती, घोडीची सोय नव्हती. मला तेलुगू येत होतं, म्हणून मी राहिलो आणि बिजलीबाई माझ्याकडे आल्या.

जायच्या सकाळी पंतांनी खरारा केला, पण तोंडातून एक शब्द नाही. ट्रंक बैलगाडीत चढली, तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाले,

"मी त्यायले सांगतलं नाई. भेलो. तू सांगजो."

गाडी आदिलाबादच्या रस्त्याला लागेपर्यंत त्यांनी मागे पाहिलं नाही.

संध्याकाळी खरारा हातात घेऊन मी तिला सांगितलं, "बाई, पंत परभणीले गेले. आता येनार नाईत."

दुसऱ्या दिवशी पाहणी होती. मी टोपी नीट केली, वाकलो, इजाजत मागितली. कान हलला नाही.

लगाम धरून मी पायी निघालो.